लॅपटॉप घेताना: इंच किती, पिक्सेल किती आणि पाठीवर वजन किती?

कर्णरेषा

लॅपटॉपच्या स्क्रीनवरची चर्चा नेहमी त्याच तीन वाक्यांवर येऊन अडकते. "१४ इंच फार लहान पडतो", "१६ इंच रोज वागवत नाही" आणि "फुल एचडीवर आता कोण काम करतं". तिन्हींत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी मापं. जाहिरातीतले इंच हे कर्णाचे असतात. रुंदी-उंचीचं गुणोत्तर (१६:९, १६:१० वगैरे) बदललं की तेवढ्याच इंचात वेगळाच पडदा पदरात पडतो. कडा सोडून नुसत्या दिसणाऱ्या भागाची रुंदी आणि उंची अशी येते:

१३.३ इंच, १६:९ : २९.४ × १६.६ सेंमी
१३.५ इंच, ३:२ : २८.५ × १९.० सेंमी
१४ इंच, १६:९ : ३१.० × १७.४ सेंमी
१४ इंच, १६:१० : ३०.२ × १८.८ सेंमी
१५.६ इंच, १६:९ : ३४.५ × १९.४ सेंमी
१६ इंच, १६:१० : ३४.५ × २१.५ सेंमी

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. १५.६ वरून १६ वर गेलं तर रुंदी मिलिमीटरभरही वाढत नाही, उंची मात्र दोन सेंमी वाढते. आणि १४ इंची १६:१० हा १५.६ इंची १६:९ पेक्षा उंचीला जेमतेम ६ मिमी कमी आहे. उभं वाचायचं काम असेल तर हे दोन पडदे जवळपास सारखेच.

आता प्रश्न. लॅपटॉप रोज पाठीवरून न्यायचा आहे. काम तीन प्रकारचं: लांबलचक तक्ते, मराठी मजकुराची तपासणी आणि थोडं कोडिंग. टेबलाशी बसल्यावर बाहेरचा मॉनिटर जोडता येईल. अशा वेळी घनता (दर इंचात किती पिक्सेल) किती पुरे, आणि तिच्यासाठी वजनात, बॅटरीत काय मोजावं लागतं?

---

पिक्सेलपंत

चांगला धागा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: स्क्रीनवर काम किती मावेल हे इंचांवर आणि तुमच्या डोळ्यांवर ठरतं. पिक्सेल वाढवून जागा वाढत नाही, अक्षरं रेखीव होतात. "२.८के (२८८०×१८००) घेतला म्हणजे जास्त कॉलम दिसतील" ही समजूत इथेच सोडून द्या.

कारण असं. १४ इंचांवर २८८०×१८०० पिक्सेल १०० टक्के स्केलिंगने, म्हणजे अक्षरं-चिन्हं अजिबात न वाढवता, लावले तर अक्षरं मुंगीएवढी होतात, म्हणून विंडोज स्वतःच १७५ किंवा २०० टक्के सुचवतं. २०० टक्क्यांवर प्रोग्रामना मिळणारी जागा उरते १४४० × ९००. याउलट साधा १९२०×१२०० वाला १४ इंची १२५ टक्क्यांवर १५३६ × ९६० देतो. म्हणजे कमी पिक्सेलवाल्यावरच थोडं जास्त मावतं! अर्थात अक्षरं तेवढीच बारीक.

त्यामुळे खरेदीआधी स्वतःचा एक आकडा काढून ठेवा. त्याला मी "आरामाचा आकडा" म्हणतो. कृती सोपी आहे.

पहिल्यांदा आताच्या लॅपटॉपची घनता काढा. आडव्या पिक्सेलचा वर्ग अधिक उभ्या पिक्सेलचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले इंच. १५.६ इंची फुल एचडी (१९२०×१०८०) असेल तर २२०३ ÷ १५.६ = १४१ पीपीआय (दर इंचातले पिक्सेल). मग या संख्येला स्केलिंगने भागा. १२५ टक्क्यांवर काम करत असाल तर १४१ ÷ १.२५ = ११३. दिवसभर या मापाची अक्षरं डोळे न ताणता वाचता येत असतील तर ११३ हा तुमचा आकडा. पुढे झुकून वाचावं लागत असेल तर स्केलिंग एक पायरी वाढवून पुन्हा मोजा. पाठ टेकलेली आणि स्क्रीन हातभर लांब, अशा अवस्थेत मोजायचं. दुकानात उभ्याने वाकून पाहिलं की सगळंच छान दिसतं.

बहुतेकांचा आकडा ११० ते १३० मध्ये येतो. १२० धरू. नव्या लॅपटॉपवर किती जागा मिळेल ते असं निघतं: पडद्याची रुंदी इंचांत × १२०. १४ इंची १६:१० ची रुंदी ११.८७ इंच, म्हणजे १४२४ पिक्सेलएवढी जागा. १६ इंचीची १३.५७, म्हणजे १६२८. रेझोल्यूशन १९२० असो की ३८४०, याच्यापुढे जागा मिळणार नाही.

आता स्केलिंग. घनता ÷ १२० केलं की लागणारं स्केलिंग कळतं, आणि ते विंडोजच्या २५ टक्क्यांच्या पायऱ्यांवर बसतं की नाही ते बघायचं.

१४ इंच, १९२०×१२०० (१६२ पीपीआय): १.३५. अधांतरी. १२५ वर अक्षर बारीक, १५० वर जागा फक्त १२८०×८००.
१४ इंच, २५६०×१६०० (२१६): १.८. १७५ चालतं.
१४ इंच, २८८०×१८०० (२४३): २.०२. चपखल २००.
१५.६ इंच, १९२०×१०८० (१४१): १.१८. १२५.
१६ इंच, १९२०×१२०० (१४१): तेच.
१६ इंच, २५६०×१६०० (१८९): १.५७. १५०, आणि १७०७×१०६७ जागा. माझ्या मते १६ इंचातला सर्वांत समंजस पर्याय.
१५.६ इंच, ३८४०×२१६० (२८२): २.३५. २२५.

---

हिशेबनीस

तक्त्यांपुरतं पंतांचं गणित पुढे नेतो.

एक्सेलचा मूळ कॉलम ६४ पिक्सेल रुंद आणि ओळ २० पिक्सेल उंच असते, स्केलिंगने भागल्यावर उरणाऱ्या जागेतले पिक्सेल. शीर्षकपट्टी, रिबन, फॉर्म्युला बार, खालचे टॅब, स्टेटस बार आणि टास्कबार मिळून उंचीतले साधारण ३२० पिक्सेल आधीच खर्ची पडतात. उरतं ते असं:

१५.६ फुल एचडी, १२५ टक्के (१५३६×८६४): २७ ओळी, २३ कॉलम
१४ इंच १९२०×१२००, १२५ टक्के (१५३६×९६०): ३२ ओळी, २३ कॉलम
१६ इंच २५६०×१६००, १५० टक्के (१७०७×१०६७): ३७ ओळी, २६ कॉलम

मधली ओळ पाहा. लहान लॅपटॉपवर पाच ओळी जास्त. अक्षरं मात्र बारा टक्क्यांनी बारीक (१२९ विरुद्ध ११३).

जागा कमी पडते म्हणून मोठा लॅपटॉप घेण्याआधी कंट्रोल + एफ१ दाबून रिबन मिटवा, चारपाच ओळी लगेच मिळतात. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवला की आणखी दोन. १४ इंचीच्या ३२ ओळी ३८-३९ पर्यंत जातात, फुकटात.

एक गोष्ट मात्र १४ इंचीत मिळत नाही, ती म्हणजे उजवीकडचं आकड्यांचं कीपॅड. दिवसभर आकडेच ठोकायचे असतील तर १५.६ किंवा १६ कडे जायला हे पुरेसं कारण आहे. त्याची दुसरी बाजूही सांगतो. कीपॅड आलं की मुख्य कीबोर्ड आणि टचपॅड डावीकडे सरकतात. हात स्क्रीनच्या मध्यासमोर राहत नाहीत, मान किंचित उजवीकडे वळलेली राहते. कीपॅडचा वापर अधूनमधूनच असेल तर यूएसबीचं सुटं कीपॅड घेऊन टेबलावर ठेवलेलं बरं.

---

काना_मात्रा

मराठी तपासणीचा मुद्दा आला म्हणून लिहिते. इथे पिक्सेलना खरंच किंमत आहे, कारण देवनागरीत एकाच अक्षराच्या वर-खाली बराच संसार असतो.

नेहमीचा १६ पिक्सेलचा मजकूर धरा. १२५ टक्क्यांवर त्याला प्रत्यक्ष २० पिक्सेल मिळतात, २०० टक्क्यांवर ३२. २० पिक्सेलमध्ये शिरोरेषा, तिच्यावरची मात्रा, रफार, अनुस्वार, मधलं अक्षर आणि खालचा उकार एवढं सगळं बसवायचं असतं. "राष्ट्र" मधला "ष्ट्र" घ्या. षच्या पोटातली तिरपी रेघ, खाली ट, त्याच्या खाली र. २० पिक्सेलमध्ये त्याचा करडा पुंजका होतो. "र्कं" सारख्या अक्षरावर रफार आणि अनुस्वार शेजारीशेजारी येतात तेव्हा मधली फट एका पिक्सेलची, कधी तीही नाही.

नुसतं वाचायला हे चालून जातं, कारण आपण शब्द आकारावरून ओळखतो. तपासताना नाही चालत. ऱ्हस्व की दीर्घ उकार, व की ब, घ की ध (शिरोरेषा तुटली आहे का एवढाच फरक), ष की प. या चुका नेमक्या त्या एकदोन पिक्सेलांतच लपतात. सामान्य नजर १ कोनीय मिनिटाएवढा तपशील वेगळा करू शकते असं धरलं तर ५० सेंमी अंतरावर साधारण १७५ पीपीआयपर्यंतचा आणि ६० सेंमीवर १४५ पर्यंतचा फरक दिसतो. लॅपटॉप आपण ५० सेंमीच्या आसपासच ठेवतो. म्हणून या कामाला १९० पीपीआयच्या आसपासचा किंवा पुढचा पडदा घ्यावा, म्हणजे १४ इंचांत २५६०×१६०० आणि १६ इंचांतही तेच. ४के (३८४०×२१६०) घेऊन अक्षरांत फार काही सुधारत नाही.

घ्यायच्या आधी चाचणी: ब्राउझर १०० टक्के झूमवर ठेवून "राष्ट्र, र्कं, द्ध, द्घ, शृं, रु, रू" असं टाइप करा आणि पाठ टेकून पाहा. "द्ध" आणि "द्घ" वेगळे ओळखू आले की समजा घनता पुरेशी आहे.

---

झोळीवाला

वजनाबद्दल. लोक लॅपटॉपचं वजन बघतात, पिशवीचं बघत नाहीत.

१३–१४ इंची साधारण १ ते १.४ किलो. १५.६ इंची १.६ ते १.९. १६ इंची १.८ ते २.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर २.३ च्या पुढे. त्यात चार्जर मिळवा. ६५ वॅटचा यूएसबी-सी गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आटोपशीर) चार्जर वायरसकट २०० ग्रॅमच्या आत येतो. गेमिंग मशीनचा २३० वॅटचा ठोकळा एकटाच पाऊण किलोच्या घरात जातो. म्हणजे एकीकडे दीड किलो, दुसरीकडे तीन. रोज जिने, बस, उभ्याने प्रवास असेल तर हा फरक दुसऱ्याच आठवड्यात कळतो.

वेगळं कार्ड असलेली बरीच मशीन यूएसबी-सीवर १०० वॅट घेतात. लिखाण, तक्ते यांना तेवढं पुरतं, त्यामुळे प्रवासात लहान चार्जर नेता येतो. पूर्ण ताण दिला की मात्र चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. स्पेसिफिकेशनमध्ये "यूएसबी-सी" एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून चार्जिंग होतं की नाही ते वेगळं तपासा.

मोठा पडदा आणि कमी वजन हे एकत्र मिळत नाही असं मात्र नाही. एलजी ग्रॅम १६ इंची सुमारे १.२ किलो, १७ इंची १.३५ किलो. तिथे मोबदला दुसरीकडे द्यावा लागतो. झाकण लवतं, कीबोर्डचा मधला भाग दाबल्यावर खाली जातो आणि पातळ सांगाड्यात उष्णता बाहेर टाकायला जागा कमी म्हणून प्रोसेसर जास्त वेळ जोरात पळत नाही. लिखाण आणि तक्त्यांना याची अडचण नाही. मॅकबुक एअर १५ इंची १.५१ किलो आहे आणि १३ इंची १.२४. फरक पाव किलोचा, तिथे मी मोठाच घेईन.

आणि पुठ्ठा कापा. नुसत्या पडद्याच्या मापाचा नको, बॉडीच्या मापाचा. स्पेसिफिकेशनमध्ये लांबी × रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. १४ इंची १६:१० साधारण ३१–३२ × २२–२३ सेंमी येतो, १६ इंची ३५.५–३६ × २५ च्या आसपास. पुठ्ठा सॅकच्या लॅपटॉपकप्प्यात सरकवा आणि चेन लावा. "१५.६ इंचांसाठी" म्हणून मिळणाऱ्या सॅकमध्ये १६ इंची रुंदीला बसतो, उंचीला कोपऱ्यावर अडतो, आणि चेन ओढून लावली की तिचे दात झाकणाच्या कडेवर घासत राहतात.

---

रुखरुख

एक शंका. ४केच घेऊन ठेवावा, आणि बॅटरी हवी असेल तेव्हा रेझोल्यूशन कमी करावं. यात तोटा काय?

---

पिक्सेलपंत

@रुखरुख, रेझोल्यूशन कमी केल्याने पडद्यावरचे भौतिक पिक्सेल कमी होत नाहीत. ग्राफिक्सचं काम थोडं हलकं होतं, पण खरा खर्च बॅकलाइटचा. दाट पडद्यात प्रत्येक पिक्सेलभोवतीची तारांची जाळी जास्त जागा खाते, प्रकाश आरपार जायला फट कमी उरते. तेवढाच उजेड हवा तर मागचा दिवा जास्त तेजाने जाळावा लागतो. तो खर्च सेटिंग बदलून जात नाही.

वर धूसरपणा येतो तो वेगळाच. ३८४०×२१६० वर १९२०×१०८० लावलं तर एकाचे बरोबर चार होतात, तेही ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये पूर्णांकी स्केलिंग चालू असेल तर. २८८०×१८०० वर १९२०×१२०० लावलं तर एकाला दीड पिक्सेल पडतो आणि प्रत्येक उभी रेघ शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडते. रेझोल्यूशनला हात लावू नका, ते मूळचंच ठेवा. अक्षर लहान-मोठं करायचं ते स्केलिंगमधून. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, स्केल. तिथला "कस्टम" आकडाही टाळा. तो जोडलेल्या सगळ्या स्क्रीनना एकच लागू होतो आणि बाहेरच्या मॉनिटरवर सगळं अवाढव्य होऊन बसतं.

---

वॅटवारी

बॅटरीचं थोडं गणित, म्हणजे नुसतं "जास्त खातो" असं मोघम राहायला नको.

५७ वॅट-अवरची बॅटरी धरा. हलक्या कामात संपूर्ण मशीन ६ वॅट खात असेल तर साडेनऊ तास. पडद्यामुळे त्यात २ वॅट वाढले की सात तास. दोन वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण मूळ खर्चच ६ चा असल्याने अडीच तास जातात. म्हणूनच पडद्याचा बॅटरीवरचा परिणाम हलक्या कामात ठळक दिसतो. व्हिडिओ एडिटिंग करताना मशीन ४० वॅट खात असेल तर तेच दोन वॅट कळणारही नाहीत.

ओएलईडीत हिशेब उलटा. तिथे बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो. काळ्या पार्श्वभूमीवर खर्च नगण्य, पांढऱ्या पानावर भरपूर. @कर्णरेषा यांचं काम तक्ते आणि मजकूर, म्हणजे दिवसभर पांढरं पान. सिनेमा पाहणाऱ्याला ओएलईडी किफायतशीर पडेल, तुम्हाला पडणार नाही. डार्क मोड लावणार असाल तर गोष्ट वेगळी.

१२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) पडदा असेल तर बॅटरीवर असताना ६० वर ठेवा. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ते मिळतं. तक्ता सरकवताना फरक जाणवतो, टाइप करताना नाही.

ओएलईडीचे आणखी दोन मुद्दे. बऱ्याच पडद्यांत उजेड कमी करण्यासाठी पिक्सेल सेकंदाला २४० वेळा किंवा त्याच्या आसपास उघडझाप करतात. मंद उजेडात काम करताना काहींचं त्याने डोकं दुखतं, काहींना पत्ताच लागत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर १/१००० सेकंदावर ठेवून स्क्रीनकडे धरा, जाड पट्टे सरकताना दिसले तर उघडझाप आहे. दुसरं, काही ओएलईडींत लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची मांडणी नेहमीच्या ओळीतली नसते. विंडोजची अक्षरं नितळ करणारी सोय, क्लिअरटाइप, ती मांडणी नेहमीची धरून अक्षराच्या कडा गुळगुळीत करते, त्यामुळे काळ्या अक्षरांना रंगीत किनार येते. २४० पीपीआयच्या पुढे ती सहसा नजरेत भरत नाही.

---

काना_मात्रा

वॅटवारींना पुस्ती. उजेडाचा आकडाही पाहा, त्याला निट्स म्हणतात. २५० निट्सचा पडदा खिडकीशेजारी फिका पडतो. घरात ३०० चालतात, उजेडाच्या जागी ४०० हवेत. "४५ टक्के एनटीएससी" (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) असं लिहिलेलं दिसलं की रंग मळकट असणार हे गृहीत धरा. दोन मशीन एकाच मालिकेतली, नाव एकच, आणि पडदे मात्र वेगळे, हे सर्रास होतं. मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवल्याशिवाय परीक्षणातल्या स्क्रीनच्या कौतुकावर जाऊ नये.

---

टर्मिनलवासी

कोडिंगचा हिशेब राहिला. १४ पिक्सेलच्या समान रुंदीच्या फॉन्टमध्ये एक अक्षर सुमारे ८.४ पिक्सेल रुंद असतं. ८० अक्षरांच्या दोन फायली शेजारीशेजारी म्हणजे १३४४. ओळ क्रमांकांच्या पट्ट्या दोन मिळून १००. बाजूचा फायलींचा खण २५०. एकूण १६९४.

१६ इंची २५६०×१६००, १५० टक्क्यांवर १७०७: बसलं, नखभर जागा उरवून. १४ इंची १५३६: नाही बसत. फॉन्ट १३ केला तरी १५९८ होतात, म्हणजे खण मिटवावाच लागतो (व्हीएस कोडमध्ये कंट्रोल + बी). मिटवला की १४ इंचीवरही आरामात काम होतं. फायलींचा खण दिवसभर उघडा ठेवायची गरज कुणाला असते, हा मला कायम पडलेला प्रश्न.

लिनक्सवाल्यांसाठी: २०० टक्के म्हणजे सुख. १२५, १५० चालतं, पण कुठे अडतं ते माहीत असू द्या. वेलँडवर (लिनक्सची खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) चालणारे नवे प्रोग्राम ठीक दिसतात. एक्सवेलँड या जुळवणीच्या थरातून चालणारे जुने प्रोग्राम १०० टक्क्यांवर काढून ताणले जातात, म्हणून धूसर. केडीई या डेस्कटॉपमध्ये अशा प्रोग्रामना स्वतःच स्केल होऊ देण्याचा पर्याय आहे. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये दुसरा रस्ता: स्केलिंग १०० टक्केच ठेवा आणि ट्वीक्स या प्रोग्राममधून फक्त मजकूर १.२५ पट करा. बटणं बारीक राहतात, अक्षरं मात्र स्वच्छ. १४ इंची १९२०×१२०० ला हा उपाय फार चांगला बसतो.

---

सव्वाशेटक्के

विंडोजवरही जुने प्रोग्राम धूसर दिसतात, कारण तेच. प्रोग्रामला स्केलिंग कळत नाही, विंडोज त्याचं चित्र ताणून दाखवतं. उपाय: प्रोग्रामच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, "चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज", खालच्या ओव्हरराइडच्या चौकोनात खूण करून "सिस्टिम (एन्हान्स्ड)" निवडा. अक्षरं सुधारतात, चित्रं तशीच राहतात. तेवढ्याने भागलं नाही तर "ॲप्लिकेशन" निवडून बघा. त्यात सगळं तीक्ष्ण होतं, पण बटणं इवलीशी. जुनी हिशेबाची किंवा सरकारी फॉर्म भरायची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी २०० टक्क्यांचा पडदा घेण्याआधी हे एकदा पडताळून पाहावं.

बाहेरचा मॉनिटर जोडताना घनतेतली तफावत त्रास देते. २४ इंची फुल एचडी मॉनिटर ९२ पीपीआय, लॅपटॉप २४३. खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढली की क्षणभर दुप्पट होते आणि मग जागेवर येते. काही प्रोग्राम येतच नाहीत, बंद करून पुन्हा उघडावे लागतात. शिवाय काना_मात्रा म्हणतात तसा मजकूर दिवसभर २४३ वर वाचला की ९२ वरचा खडबडीत वाटू लागतो. २७ इंची ४के (१६३ पीपीआय) १५० टक्क्यांवर लावला तर २५६०×१४४० एवढी जागा मिळते आणि अक्षरंही नेटकी राहतात. टेबलाशी असा मॉनिटर असेल तर बरोबरचा लॅपटॉप १४ च्या वर घ्यायला मला तरी कारण दिसत नाही.

---

उघडझाप

दुरुस्तीच्या टेबलावरून काही गोष्टी.

"आता स्वस्तातला पडदा घेऊ, नंतर बदलू" असा बेत असेल तर जोडणी तपासा. साध्या ६० हर्ट्झ फुल एचडी पडद्याला बहुधा ३० पिनांची केबल असते. २.५के (२५६०×१६००), ४के किंवा १२०–१४४ हर्ट्झच्या पडद्यांना ४० पिनांची. टच पडद्यातच बसवलेला असेल तर फुल एचडीलाही ४०. पडदा मिळतो, पण मदरबोर्डपासून बिजागरीतून येणारी ती केबल वेगळी मागवावी लागते, आणि काही बोर्डांवर तेवढ्या वाहिन्या सोल्डरच केलेल्या नसतात. आत कोणता पडदा आहे ते एचडब्ल्यूइन्फो या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मॉनिटरच्या नोंदीत दिसतं. स्क्रू, पट्ट्या आणि जाडीही जुळली पाहिजे. ३.२ मिमीच्या जागी २.६ चालतो, उलटं चालत नाही.

मोठ्या पातळ पडद्यांचं मरण बहुतेक वेळा सॅकमध्ये होतं. पुस्तकं ठासून भरली की झाकणाच्या मध्यावर दाब येतो, आणि पडदा कीबोर्डवर टेकतो. सुरुवातीला बटणांच्या कडांचे ठसे काचेवर उमटतात, ते पुसले जातात. दाब चालूच राहिला तर बॅकलाइटचे थर दबून पांढरा डाग पडतो, तो कशानेही जात नाही. १४ पेक्षा १६ मध्ये हे जास्त, कारण आधार फक्त कडांना आणि मधला भाग लांब. लॅपटॉपचा कप्पा पाठीकडचा असावा आणि झाकण पाठीच्या बाजूला, पुस्तकांच्या बाजूला तळ. वेबकॅमवर चिकटवायची प्लास्टिकची सरकती झाकणं लावू नका. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये पडदा आणि खालची बॉडी यांत तेवढी फट नसते, झाकण मिटताना दाब एकाच बिंदूवर येतो आणि काच तिथूनच तडकते.

मोठं झाकण उघडताना कोपऱ्याला धरून ओढू नये. मध्यावर धरा. कोपऱ्याने उघडलं की पीळ एका बिजागरीवर जातो, तिचे पितळी नट ज्या प्लास्टिकात रुतवलेले असतात ते फुटतं.

---

कर्णरेषा

भरपूर मिळालं. माझा आकडा मोजला, ११८ आला. १४ इंची २८८०×१८००, २०० टक्के, आयपीएस (ओएलईडी नव्हे, बॅकलाइटवाला) मिळाला तर तो, नाहीतर २५६०×१६००. टेबलाशी २७ इंची ४के.

एकच राहिलं. या मॉनिटरला एकाच यूएसबी-सी हबमधून चित्र, चार्जिंग आणि कीबोर्ड-माउस द्यायचं आहे. काही हब "४के" म्हणतात आणि माउस अडखळत चालतो, असं वाचलं. ते का होतं?

---

सव्वाशेटक्के

कारण तो ४के ३० हर्ट्झवर देत असतो. यूएसबी-सीमध्ये वेगवान माहितीच्या चार वाहिन्या असतात. हबवर यूएसबी ३ ची भोकं असली की दोन तिकडे जातात, चित्राला दोन उरतात. लॅपटॉप किंवा हब डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवायची पद्धत) १.२ चाच असेल तर दोन वाहिन्यांत ४के ६० हर्ट्झ मावत नाही, म्हणून ३० वर उतरतं. दोन्ही बाजूंना डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर दोनांतही ६० बसतं. हबच्या खोक्यावर "४के ६० हर्ट्झ" असं स्पष्ट लिहिलेलं पाहा, आणि बारीक अक्षरांत डिस्प्लेपोर्ट १.४ ची अट असते ती लॅपटॉपशी जुळवा. हबमधून मॉनिटरला एचडीएमआय जात असेल तर ते २.० हवं, १.४ वर ४के ३० च्या पुढे जात नाही.

मॉनिटरलाच यूएसबी-सी असेल तर हबची भानगडच नको. त्याच्या मेनूत बहुधा यूएसबी २ की यूएसबी ३ असा पर्याय असतो. कीबोर्ड-माउसला २ पुरतं, चारही वाहिन्या चित्राला मोकळ्या होतात. मॉनिटर किती वॅट देतो तेही बघा, तुमच्या १४ इंचीला ६५ पुरेत.